कात्री लागण्याआधीची वीस मिनिटे

माझ्या मानेवर उजव्या अंगाला, शर्टाची कॉलर जिथे टेकते नेमक्या त्याच पट्ट्यात, गेली आठ-नऊ वर्षे सात चामखिळी मुक्काम ठोकून होत्या. दोन डाव्या काखेत होत्या, एक डाव्या डोळ्याच्या वरच्या पापणीच्या अगदी कडेला होती, आणि पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली, मला स्वतःला कधीच न दिसलेली एक होती. अशी अकराची मोजदाद मनात पक्की करून मी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो आणि बाहेर पडताना कळले की माझी मोजणीच चुकली होती. चामखिळी दहाच होत्या, अकरावे प्रकरण वेगळे होते. दहा चामखिळी कापायला जेमतेम दहा मिनिटे लागली असती. पण त्याआधी डॉक्टरांनी नुसते पाहण्यात आणि विचारण्यात वीस मिनिटे घालवली. ती वीस मिनिटे मला तेव्हा वेळकाढूपणाची वाटली होती, हे आधीच कबूल करून टाकतो.

मुळात चामखीळ हा शब्द आपण फारच ऐसपैस वापरतो. अंगावर काहीही उगवले, मग ते खरखरीत असो की मऊ, चपटे असो की लोंबते, त्याला कुणी मस म्हणतो, कुणी मोस, कुणी चामखीळ. डॉक्टरांच्या लेखी मात्र ही वेगवेगळी कुळे आहेत. ह्यूमन पॅपिलोमा नावाच्या विषाणूमुळे येणारी गाठ टणक आणि खडबडीत असते, नीट पाहिले तर तिच्यात काळे ठिपके दिसतात, आणि ती एकाकडून दुसऱ्याकडे किंवा एका बोटावरून दुसऱ्या बोटावर पसरू शकते. माझ्या मानेवर होत्या त्या वेगळ्या. त्यांना हल्ली सर्रास स्किन टॅग म्हणतात, वैद्यकाच्या पुस्तकात त्यांचे नाव अ‍ॅक्रोकॉर्डन. मऊ, त्वचेच्याच रंगाची किंवा थोडी गडद, बारीक देठावर लटकलेली, बोटाने हलवली तर इकडून तिकडे डुलणारी ही वाढ आतून अगदी साधी असते: कोलाजेनचे सैलसर तंतू, काही सूक्ष्म रक्तवाहिन्या, कधी थोडीशी चरबी आणि वरून नेहमीच्या त्वचेचे आवरण. बहुतेक चामखिळी १ ते ५ मिलिमीटरच्या असतात, एखादीच सेंटिमीटरच्या पुढे जाते. सुमारे निम्म्या प्रौढ माणसांच्या अंगावर निदान एक तरी सापडते. त्या संसर्गजन्य नसतात, आणि त्रास देत नसतील तर त्यांना हात लावण्याची वैद्यकीय गरजही नसते.

ही शेवटची गोष्ट माहीत असल्यामुळेच मी इतकी वर्षे गेलो नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी डॉक्टरांचा वेळ घ्यायचा, रांगेत खरोखरच्या आजारी माणसांबरोबर बसायचे आणि आत जाऊन कॉलर खाली ओढून दाखवायची, याची मला लाज वाटत असे. त्या लाजेपोटी मी दोन वर्षांपूर्वी स्वतःच एक प्रयोग केला होता. मानेवरच्या सर्वांत मोठ्या चामखिळीच्या बुडाशी मी शिवणाचा दोरा आवळून बांधला. त्यामागचा विचार तसा चुकीचा नाही, रक्तपुरवठा तोडला की वाढ सुकून गळते, आणि डॉक्टरही क्वचित निर्जंतुक धाग्याने हेच करतात. पण आरशात उलट्या हाताने बांधलेली माझी गाठ बुडाशी न बसता मध्यावर बसली. दुसऱ्या दिवशी टोक जांभळे झाले, तिसऱ्या दिवशी काळे, आणि चौथ्या दिवशी देठाभोवतीची त्वचा लाल होऊन सुजली आणि पू दिसू लागला. कॉलरचे बटण लावणे तर दूरच, मान वळवतानाही ठणका लागे. शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दोरा कापला आणि पाच दिवसांची प्रतिजैविके दिली. काळे टोक गळून पडले, देठ मात्र तसाच राहिला आणि त्याच्याभोवती तपकिरी डागाचे एक कडे कायमचे पडले. म्हणजे होते तेवढेही सुबक राहिले नाही.

यानंतरही मी गप्पच बसलो असतो. पण एके दिवशी पाठीला मलम चोळताना बायको म्हणाली, "अरे, ही पाठीवरची तुझी चामखीळ पूर्वी एवढी काळी होती का?" मला काय ठाऊक? पूर्वी ती कशी होती हे मी कधी पाहिलेच नव्हते. तिने फोटो काढून दाखवला. पाठीवर मध्येच कुणी तपकिरी मेणाचा थेंब चिकटवून ठेवावा तसे काहीतरी होते, आणि त्याची एक बाजू दुसरीपेक्षा गडद होती. दुसऱ्याच दिवशी मी वेळ घेतली, तीही मनाशी असे म्हणत की जातोच आहे तर सगळ्याच काढून घेऊ.

डॉक्टरांच्या खोलीत शिरल्या शिरल्या मी कॉलर खाली ओढली. डॉक्टर म्हणाल्या, "थांबा, शर्ट काढून बसा. एकच जागा दाखवू नका, सगळे अंग दाखवा." मग त्यांनी उजव्या हातात एक छोटे यंत्र घेतले. टॉर्चला भिंग जोडल्यासारखे दिसणारे हे डर्मोस्कोप त्वचेच्या वरच्या थराची चमक बाजूला सारून खालची रचना साधारण १० पट मोठी करून दाखवते. मानेवरच्या सातही चामखिळींवर त्यांनी ते क्षणभर टेकवले. प्रत्येकीला दोन-तीन सेकंद. काखेतल्या दोन पाहिल्या, पापणीवरची नुसत्या डोळ्यांनी पाहिली. पाठीवरच्या ठिकाणी मात्र त्या थांबल्या, यंत्र फिरवून फिरवून पाहिले, एक फोटो घेतला, पुन्हा पाहिले. माझी पाठ त्यांच्याकडे असल्यामुळे त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, आणि त्या शांततेत मला पहिल्यांदाच असे वाटले की मी सौंदर्याच्या कामासाठी आलेलो नाही.

मग प्रश्न सुरू झाले. किती वर्षांपासून आहेत, अलीकडे एखादी भरभर वाढली का, कुठली आपोआप रक्ताळते का, खाजते का. रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू आहेत का, म्हणजे अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉर्फरिन यांपैकी काही; असतील तर ती मनाने बंद करून यायचे नाही, एवढेच त्यांना आधी कळायला हवे, कारण छोट्या कामासाठी अशी औषधे थांबवण्याचा धोका थोड्या जास्त रक्तस्रावापेक्षा मोठा असतो. हृदयात पेसमेकर बसवलेला आहे का, कारण कॉटरीचा, म्हणजे गाठ जाळून काढणाऱ्या विजेवरच्या उपकरणाचा, त्याच्या कामात अडथळा येऊ शकतो. दाताच्या डॉक्टरांकडे भुलीच्या इंजेक्शनने कधी त्रास झाला होता का. जुन्या जखमेचा व्रण फुगून जखमेच्या बाहेर पसरला असे कधी झाले का. तसे होत असेल तर त्याला केलॉइड म्हणतात, आणि अशा माणसाच्या छातीवर, खांद्यावर किंवा कानाच्या पाळीवर सौंदर्यासाठी कात्री चालवण्याआधी दहा वेळा विचार करावा लागतो. मी लहानपणच्या गुडघ्याच्या टाक्यांचा व्रण दाखवला. तो सपाट होता. त्यांनी मान डोलावली आणि नोंद केली.

शेवटी त्यांनी मानेच्या मागच्या वळीवर बोट ठेवले.

"हा काळपटपणा कधीपासून आहे?"

"तो कॉलरच्या घामाचा मळ असावा. घासून घासून थकलो, जात नाही."

"जाणार नाही, कारण तो मळ नाहीच. साखर कधी तपासली होती?"

त्या वळीतली त्वचा जाडसर, काळपट आणि हाताला मखमलीसारखी लागत होती. तिला अ‍ॅकॅन्थोसिस निग्रिकन्स म्हणतात, आणि ती आणि चामखिळी पुष्कळदा एकाच घरात बिऱ्हाड करून राहतात. शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देईनासे झाले की स्वादुपिंड ते जास्त जास्त तयार करते; रक्तात सतत चढे राहिलेले हे इन्सुलिन साखरेचे काम तर करतेच, पण त्वचेतल्या पेशींनाही वाढीचा निरोप देत राहते. म्हणून दुसऱ्या प्रकारचा मधुमेह, वाढलेले वजन आणि चामखिळी यांची सांगड अनेकांमध्ये आढळते. सगळ्यांमध्ये नव्हे. कुणाला त्या वारशाने येतात, कुणाला गरोदरपणातल्या संप्रेरकांच्या बदलांमुळे, आणि त्वचेवर त्वचा घासते अशा जागा, म्हणजे मान, काखा, जांघा, स्तनांच्या खालची घडी, त्यांना मुळातच आवडतात. पण माझ्या वयाच्या, पोट सुटलेल्या माणसाच्या मानेवर सात चामखिळी आणि मखमली काळी वळी दिसली, तर रक्त न तपासता नुसती कात्री चालवणे म्हणजे गळती तशीच ठेवून भिंतीला रंग देण्यासारखे आहे, असे त्या म्हणाल्या. "वजन किती वर्षांत वाढले?" या प्रश्नाला मी आठ-नऊ वर्षे असे उत्तर दिले आणि देता देता माझे मलाच हसू आले, कारण चामखिळींचे वयही मी तेवढेच सांगितले होते.

आता अकराव्या गाठीविषयी. शर्ट घालून मी समोर बसल्यावर डॉक्टरांनी फोटो दाखवला आणि म्हणाल्या, "ही चामखीळ नाही. माझ्या मते निरुपद्रवीच आहे, पण 'माझ्या मते' एवढ्यावर मी काही जाळून टाकत नाही. ही काढून तपासणीला पाठवू." हे वाक्य मला नीट कळायला थोडा वेळ लागला. कॉटरी किंवा गोठवणारा द्रव नायट्रोजन वापरला की ती वाढ जागच्या जागी नष्ट होते आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायला काही उरत नाही. खरोखरची चामखीळ असेल तर त्याने काही बिघडत नाही. पण तिळासारखी, चामखिळीसारखी दिसणारी एखादी वाढ क्वचित त्वचेचा कर्करोग असू शकते, मेलानोमा नावाचा घातक प्रकारसुद्धा, आणि तीच जाळून टाकली तर वरची खूण पुसली जाते आणि आतले तसेच राहते. असमान आकार, दातेरी कडा, एकाहून अधिक रंग, ६ मिलिमीटरपेक्षा जास्त व्यास आणि काळानुसार होणारा बदल ही पाच लक्षणे डॉक्टर पाहतात. माझ्या पाठीवरच्या गाठीत त्यांतली निदान तीन होती, आणि मी तिला निवांतपणे चामखिळींच्या यादीत अकरावा क्रमांक देऊन बसलो होतो.

ब्यूटी पार्लरमध्ये किंवा घरी चामखीळ काढण्यावर माझा आक्षेप आता याच कारणासाठी आहे. कापणे, बांधणे, जाळणे हे हस्तकौशल्य कुणालाही शिकता येईल. काय कापू नये हे ओळखणे तसे शिकता येत नाही. दुकानातून आणि ऑनलाइन मिळणाऱ्या थेंबांची आणि पेनसारख्या उपकरणांची गोष्टही तीच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तीळ आणि चामखिळी काढण्यासाठी प्रिस्क्रिप्शनशिवाय विकल्या जाणाऱ्या एकाही औषधाला मान्यता दिलेली नाही, आणि २०२२ मध्ये अशी उत्पादने विकणाऱ्या कंपन्यांना इशाऱ्याची पत्रेही पाठवली आहेत. त्यांतल्या काहींमध्ये सॅलिसिलिक आम्लासारखी दाहक द्रव्ये तीव्र प्रमाणात असतात; ती चामखीळ आणि शेजारची निरोगी त्वचा यांत भेद करत नाहीत. पापणीजवळ असले काही लावण्याचा विचारही करू नये. माझी पापणीवरची चामखीळ तर त्वचेच्या डॉक्टरांनीही काढली नाही. पापणीच्या अगदी कडेला, पापण्यांच्या केसांच्या रांगेत ती असल्यामुळे त्यांनी मला नेत्रतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली, आणि पुढच्या आठवड्यात तिथे डोळ्यात बधिर करणारे थेंब टाकून, पापणीत अगदी बारीक सुईने भूल देऊन ती काढली गेली. त्याबद्दल सांगण्यासारखे एवढेच की पापणी दोन दिवस किंचित सुजली होती.

बाकीच्या नऊ आणि पाठीवरची एक अशा दहांचे काम त्याच आठवड्यात ठरलेल्या दिवशी झाले. पद्धत कुठली, हे मी विचारले होते. देठावर लोंबणाऱ्या चामखिळीसाठी कात्री सर्वांत सरळ, देठच नसलेल्या बारीक कणांसाठी कॉटरीचे टोक, आणि तिसरा पर्याय द्रव नायट्रोजनचा, ज्याचे तापमान उणे १९६ अंश सेल्सियस असते. गोठवलेली चामखीळ लगेच पडत नाही. फोड येतो, ती काळी पडते आणि साधारण दोन आठवड्यांत गळते. पण त्वचेतल्या रंगपेशी थंडीपुढे इतर पेशींपेक्षा लवकर मान टाकतात, म्हणून सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर गोठवलेल्या जागी पांढरा डाग राहण्याची शक्यता अधिक असते. माझ्या सावळ्या मानेवर सात पांढरे ठिपके उमटवण्यापेक्षा कात्री बरी, असे डॉक्टरांचे मत पडले आणि ते मला लगेच पटले.

संमतिपत्रावर सही झाली, मानेचे फोटो काढले गेले आणि मी कुशीवर झोपलो. डॉक्टरांनी मानेला स्पिरिट लावले आणि मग काहीच न करता थांबल्या. मी विचारले तेव्हा म्हणाल्या की कॉटरी वापरायची असेल तर स्पिरिट पूर्ण वाळल्याशिवाय सुरुवात करायची नसते, ओल्या स्पिरिटला ठिणगी लागली तर पेट घेते. पहिल्या भेटीतल्या वीस मिनिटांनंतर आता ही दोन मिनिटे मला वेळकाढूपणाची वाटली नाहीत.

लहान चामखिळींना भूल दिली नाही. सुई टोचल्याचे दुखणे कात्रीच्या दुखण्यापेक्षा जास्त असते, त्यामुळे तिथे भूल देणे हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरतो. चिमट्याने चामखिळीचे टोक धरून ती वर उचलली जाते, देठ ताणला जातो, बुडाशी गार धातू टेकतो आणि नखाची कडा कापताना येतो तसा बारीक आवाज होतो. कानाच्या इतक्या जवळ असल्यामुळे तो आवाज मला दुखण्यापेक्षा जास्त जाणवला. दुखणे म्हणाल तर मानेवरचा केस उपटावा तेवढे. लगेच त्या जागी रक्ताचा एक थेंब येतो, त्यावर अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडमध्ये बुडवलेली काडी टेकवली की रक्त थांबते. ही काडी मात्र चांगली झोंबते, कात्रीपेक्षा जास्त. मी मनात आकडे मोजत असतानाच सहा चामखिळी चार मिनिटांत गेल्या.

सातवी माझ्या दोऱ्याची शिकार झालेली. तिचा देठ जुन्या जखमेमुळे रुंद आणि कडक झाला होता, म्हणून तिथे लिग्नोकेन या भुलीच्या औषधाचे इंजेक्शन दिले. सुई शिरताना नव्हे, औषध आत जाताना दहाएक सेकंद आग होते, मग ती जागा फुगते आणि आपली राहतच नाही. कात्रीने काम भागले नाही, कॉटरी लावावी लागली. हलकासा 'चुर्र' आवाज आला आणि केस जळल्याचा वास सुटला. आपल्याच मांसाचा तो वास आहे हे लक्षात आल्यावर मी काही क्षण श्वास रोखून धरला. डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "दोरा बांधला नसतात तर हिलाही कात्रीच पुरली असती." उत्तर द्यायला जागा नव्हती, आणि तशा अवस्थेत मान हलवायलाही.

काखेतल्या दोन हात डोक्यामागे घेऊन काढल्या. मग मी पालथा झालो. पाठीवरच्या गाठीखाली भूल दिली गेली, धारदार पात्याने ती त्वचेच्या पातळीवर तासून काढली आणि लगेच फॉर्मेलिनच्या, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या द्रवाच्या, छोट्या बाटलीत टाकली. बाटलीवर माझे नाव, तारीख आणि 'पाठ, उजवी, फऱ्याखाली' असे लिहिलेली चिठ्ठी होती; ती मला वाचून दाखवून, बरोबर आहे ना असे विचारूनच नर्सने पुढे नेली. मानेवरच्या सात आणि काखेतल्या दोन चामखिळी गॉझवर एका ओळीत ठेवल्या होत्या. खोडरबराचा चुरा दिसावा तशा त्या दिसत होत्या, आणि आठ-नऊ वर्षे मी यांच्यासाठी कॉलरचे वरचे बटण लावले नव्हते. त्या पाठवणार का, असे मी विचारले. नेहमीसारख्याच दिसणाऱ्या, डर्मोस्कोपखाली शंकेला जागा न ठेवणाऱ्या लहान चामखिळी दर वेळी पाठवाव्याच लागतात असे नाही, पण काही डॉक्टर सगळ्याच पाठवतात. आमच्या डॉक्टरांनी दोऱ्यामुळे बिघडलेली सातवी तेवढी वेगळ्या बाटलीत घातली.

घरी आल्यानंतरची काळजी सांगायला सोपी आणि पाळायला कंटाळवाणी आहे. पहिले २४ तास पट्टी कोरडी ठेवायची, मग रोज साबणपाण्याने हलक्या हाताने धुवायचे, टिपून कोरडे करायचे आणि पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यायचा. हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा स्पिरिट रोज रोज लावले की नव्या पेशीही मरतात आणि जखम रेंगाळते. खपली ओढायची नाही. दुसऱ्या दिवशी दाढी करताना माझ्या हातून मानेवरची एक खपली निघाली आणि एवढ्याशा जागेतून शोभणार नाही इतके रक्त येऊ लागले. स्वच्छ कापडाने सलग १५ मिनिटे दाबून धरायचे आणि मध्ये उचलून पाहायचे नाही, असे सांगितले होते. मी तिसऱ्या मिनिटाला उचलून पाहिले, रक्त पुन्हा सुरू झाले आणि घड्याळ पुन्हा शून्यापासून लावावे लागले. दुसऱ्या खेपेला मात्र थांबले.

मानेवरच्या खपल्या सहाव्या ते आठव्या दिवसापर्यंत गेल्या. काख मात्र छळते. तिथे घाम असतो, हात हलला की घर्षण होते, आणि डिओडरंट तर लावायचा नसतोच. तिथल्या जखमा भरायला बारा दिवस लागले. लाली पसरत गेली, जागा गरम लागू लागली, पू आला किंवा ताप आला तर लगेच या, असे डॉक्टरांनी बजावले होते. दोऱ्याच्या वेळचा अनुभव ताजा असल्यामुळे मी रोज आरशात लाली मोजत असे; तसे काही झाले नाही. खपलीखालून आलेली त्वचा आधी गुलाबी होती, मग तपकिरी झाली. उन्हात जाताना सनस्क्रीन लावत राहिलो तर हे ठिपके काही महिन्यांत फिके होतात, आणि सहा जागी ते झालेही. सातव्या जागी दोऱ्याचे जुने कडे आहे तसे आहे.

जाता जाता खर्चाविषयी एक सूचना, कारण हा प्रश्न मला दोघांनी विचारला. आरोग्य विमा असला तरी निव्वळ दिसण्यासाठी काढलेल्या चामखिळींचा खर्च बहुधा मिळत नाही; सतत घासून रक्त येणे, वेदना किंवा निदानाबाबत शंका अशी कारणे नोंदलेली असतील तर वेगळा विचार होऊ शकतो. काढून घेतल्यावर नव्हे, आधी विचारावे.

आठ दिवसांनी अहवाल आला. पाठीवरची गाठ सेबोरिक केराटोसिस निघाली. वयाबरोबर अनेकांच्या अंगावर येणारी, वरून चिकटवल्यासारखी दिसणारी ही वाढ निरुपद्रवी असते. सातवी चामखीळ चामखीळच होती, दाह झालेली. डॉक्टरांचा अंदाज दोन्हीकडे खरा ठरला होता, पण अहवालाचे पाकीट उघडेपर्यंतच्या आठ दिवसांत मी किती वेळा बायकोला पाठ दाखवली ते तीच सांगू शकेल. त्याच दिवशी रक्ताचा अहवालही हाती आला. एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी चाचणी, ६.० टक्के. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या उंबरठ्याचा पट्टा, आणि मी त्याच्या जवळजवळ मध्यावर उभा. चामखिळी काढायला गेलेला माणूस आहारतज्ज्ञांची वेळ घेऊन परत आला, असे बायको सगळ्यांना सांगते, आणि ते खरे आहे.

"एक कापली की दहा उगवतात म्हणतात, खरे का?" हेही मी त्या दिवशी विचारून घेतले होते. चामखीळ म्हणजे काही बी नव्हे की कापल्यावर ते आजूबाजूला सांडावे. बुडापासून काढलेली सहसा त्याच जागी परत येत नाही. पण ती ज्या कारणांमुळे आली ती शरीरात तशीच असतील, तर दुसरीकडे नवी येऊ शकते, आणि लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात. चार महिन्यांनी माझ्या उजव्या काखेत एक आलीच. जेमतेम एक मिलिमीटरची आहे, अजून देठही फुटलेला नाही, आणि ती कुणाच्या अध्यात ना मध्यात असल्यामुळे सध्या तिला राहू दिले आहे. पाठीचा फोटो मात्र आता दर तीन महिन्यांनी बायको काढते, शेजारी मोजपट्टी धरून, आणि त्या दिवशी मोजपट्टी नेमकी मुलाच्या कंपासपेटीत असते.